ओरडून सांगितलेली श्रद्धा : ख्रिस्ती मेटलकोर अल्बम घडतो कसा?

२० जून २००६ रोजी अमेरिकेत ‘डिफाइन द ग्रेट लाइन’ हा अल्बम बाजारात आला. पहिल्याच आठवड्यात त्याच्या सुमारे ९८ हजार प्रती खपल्या आणि बिलबोर्डच्या मुख्य यादीत तो थेट दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसला. बँडचं नाव अंडरओथ, गाव फ्लोरिडातलं टॅम्पा, आणि ओळख ‘ख्रिस्ती मेटलकोर’. चर्चमधल्या गायनाची सवय असलेल्या कानाला हे संगीत अजिबात मानवणारं नव्हतं. गिटारींचा सूर खर्जात उतरवलेला, गायक घशाच्या तळातून ओरडणारा, ठेका मध्येच मोडून पुन्हा उभा राहणारा, आणि बोल तर पुस्तिका हातात घेतल्याशिवाय उमगू नयेत असे. तरीही रॉकच्या दुकानांइतकाच तो ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांतही विकला गेला. मग यात ‘ख्रिस्ती’ नेमकं काय? याची तीन उत्तरं नेहमी दिली जातात: बोल ख्रिस्ती असतात, वाजवणारे ख्रिस्ती असतात, किंवा अल्बम काढणारी कंपनी ख्रिस्ती असते. गेल्या तीसेक वर्षांतले महत्त्वाचे अल्बम आणि ते घडण्याच्या पद्धती एकत्र ठेवून पाहिल्या तर तिन्ही उत्तरं अपुरी ठरतात. ‘ख्रिस्ती’ हा शिक्का बहुतेक वेळा स्टुडिओच्या बाहेर, वितरणाच्या व्यवस्थेत बसतो. स्टुडिओच्या आत श्रद्धेला वेगळी खुर्ची मिळत नाही. ती गाण्याच्या घडणीत उतरली तरच अल्बममध्ये राहते. आणि ती उतरते ती बहुधा घोषणेच्या रूपाने नाही, ताणाच्या रूपाने. हे म्हणणं या लेखात पुराव्यानिशी तपासायचं आहे.

आधी प्रकाराची ओळख. हार्डकोर पंकचा राग आणि मेटलची गिटारकारी यांच्या संकरातून मेटलकोर झालं. त्याची खूण म्हणजे ‘ब्रेकडाऊन’: वेगात धावणारं गाणं अचानक अर्ध्या चालीवर येतं, गिटार आणि पायाचा मोठा ड्रम एकाच क्षणी, एकाच घावात वाजतात आणि समोरची गर्दी अंगाने उत्तर देते. या संगीताशी ख्रिस्ती श्रद्धेची गाठ पडण्याआधी हेवी मेटलशी पडली होती. स्ट्रायपर या कॅलिफोर्नियातल्या बँडचा १९८६ चा ‘टू हेल विथ द डेव्हिल’ लाखोंनी खपला आणि जिमी स्वॅगर्टसारख्या दूरचित्रवाणीवरच्या प्रवचनकारांनी ख्रिस्ती रॉकला मेंढीचं कातडं पांघरलेला लांडगा ठरवलं. त्यांचा आक्षेप असा, की हा साचाच मुळात भ्रष्ट आहे, त्यात देवाचं नाव ओतलं तर नावच नासेल. मराठी वाचकाला या वादाची जात ओळखीची वाटेल. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचलं आणि १६१६ साली ते छापलं गेलं, तेव्हा पुराणाचा साचा आणि ओवीचा छंद दोन्ही दुसऱ्या परंपरेतून घेतलेले होते. साचा उसना घेतला म्हणून मजकूर खोटा ठरला नाही. पण साचा निमूटपणे वापरूही देत नाही. तो आपल्या अटी घालतो. ओवीने कथेची लय ठरवली, तशी मेटलकोरने श्रद्धेच्या उच्चाराची तऱ्हा ठरवली. या अटी कोणत्या, हे पाहिल्याशिवाय अल्बमचं मूल्यमापन होत नाही.

या संगीताला बाजार मिळाला तो १९९० च्या दशकात. ब्रँडन एबेल यांनी १९९३ साली टूथ अँड नेल रेकॉर्ड्स सुरू केली. पुढे तिचं बस्तान सिएटलला बसलं. जड संगीतासाठी १९९७ साली तिचीच सॉलिड स्टेट ही शाखा निघाली, आणि त्याच सुमारास कॅलिफोर्नियात फेसडाऊन रेकॉर्ड्स उभी राहिली. आर्कान्सातल्या लिटल रॉकचा लिव्हिंग सॅक्रिफाइस, वेस्ट व्हर्जिनियाचा झाओ हे या पिढीचे पहिले बँड. ‘रीबॉर्न’ (१९९७) आणि ‘व्हेअर ब्लड अँड फायर ब्रिंग रेस्ट’ (१९९८) हे त्यांचे अनुक्रमे अल्बम आजही उगमस्थान म्हणून सांगितले जातात. इलिनॉयमध्ये भरणारा कॉर्नरस्टोन महोत्सव, चर्चची सभागृहं, ‘एचएम’सारखं मासिक आणि गावोगावची ख्रिस्ती दुकानं अशी साखळी तयार झाली. या साखळीचा फायदा सरळ होता. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना एरवी दारूच्या बारबाहेर उभं राहावं लागलं असतं. इथे चर्चचं तळघर आणि तिथला तरुण मंडळींचा गट आयताच मिळाला. आईबाप मुलांना अशा कार्यक्रमांना निर्धास्त पाठवत. पण साखळी काही मागतही होती. वागणूक स्वच्छ हवी, मुखपृष्ठ दुकानदाराला चालेल असं हवं, बोलांत शिवी नको आणि विचारलं तर विश्वास स्पष्ट सांगता यायला हवा. ‘ख्रिस्ती’ या शब्दाचा व्यवहारातला अर्थ इथे ठरला. तो संगीताचं वर्णन करत नव्हता. अल्बम कुठल्या फडताळावर लागेल हे सांगत होता.

आता स्टुडिओत शिरू. मेटलकोरचा अल्बम घडण्याची एक ठरीव वाट आहे. गाणी आधी कच्च्या स्वरूपात ध्वनिमुद्रित होतात. प्रोड्यूसर ती ऐकून कुठला भाग कापायचा, कुठला दुप्पट करायचा, ब्रेकडाऊन दोन मिनिटांवर आणायचा की शेवटाला राखायचा हे सुचवतो. इथला प्रोड्यूसर म्हणजे पैसे घालणारा माणूस नव्हे. तो या कामाचा दिग्दर्शक असतो. मग ड्रम. वादकाच्या हेडफोनमध्ये क्लिक टिकटिकत राहतो, संचाच्या प्रत्येक भागाशी मायक्रोफोन लावलेला असतो, आणि वाजवून झालेला प्रत्येक घाव पुढे संगणकाच्या पडद्यावर सरकवून काटेकोर मापात बसवता येतो. त्यानंतर गिटार. तारा इतक्या ढिल्या केलेल्या असतात की जोरात छेडल्या की क्षणभर सूर वर सरकतो. म्हणून दर काही ओळींनंतर थांबून पुन्हा सुरात लावाव्या लागतात. तोच रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, दोनदा, कधी चारदा वेगवेगळा वाजवून डावी-उजवीकडे वाटला जातो. भिंतीसारखा वाटणारा आवाज असा थरांनी बनतो. वाजवताना कोरा सिग्नलही साठवून ठेवतात, म्हणजे ॲम्प्लिफायरचा रंग नंतर बदलता येतो. मग बास, आणि शेवटी गळा. किंचाळणारा गायक दिवसभर ओरडू शकत नाही; एकेक ओळ तुकड्यातुकड्यांत घेतली जाते, खालचा गुरगुराट आणि वरची किंकाळी एकमेकांवर रचली जाते. या सगळ्या प्रवासात प्रार्थनेने कामाला सुरुवात करणारे बँड असतील, न करणारे असतील. ध्वनिफितीवर त्याचा ठसा उमटत नाही.

माणसंही तीच असतात. मॅसॅच्युसेट्समधल्या किलस्विच एंगेजचा गिटारवादक ॲडम डुटकिविच हा या प्रकाराच्या आवाजाचा एक प्रमुख शिल्पकार. नॉर्मा जीनचा पहिला अल्बम, ऑगस्ट बर्न्स रेडचा ‘थ्रिल सीकर’, ॲज आय ले डाइंगचा ‘ॲन ओशन बिटवीन अस’, द डेव्हिल वेअर्स प्राडाचा ‘डेड थ्रोन’ आणि मॅट गोल्डमनच्या जोडीने अंडरओथचा ‘डिफाइन द ग्रेट लाइन’ हे सगळे त्याच्या हाताखालून गेले, आणि धर्माशी काही देणंघेणं नसलेल्या बँडांचे अल्बमही. इंडियानातल्या कॉनर्सव्हिल या छोट्या गावात जोई स्टर्जिसने प्राडाचे ‘प्लेग्ज’ आणि ‘विथ रूट्स अबव्ह अँड ब्रँचेस बिलो’ घडवले; त्याच हाताने ब्रिटनच्या आस्किंग अलेक्झांड्रियाचं मद्य आणि मौजमजेने भरलेलं संगीतही घडलं. दोन्हींचे ड्रम तितकेच धारदार, ब्रेकडाऊनची छाटणी तितकीच तंतोतंत. डोळे बांधून ऐकणाऱ्याला गिटारच्या आवाजावरून श्रद्धा ओळखता येणार नाही. म्हणजे ख्रिस्ती मेटलकोर नावाचा वेगळा ध्वनी नाही. हे विधान किरकोळ वाटतं, पण त्याने एक मोठा भ्रम दूर होतो. पाठराखण करणारे म्हणतात, या संगीतात काही पवित्र कंप आहे. विरोधक म्हणतात, हे धर्मनिरपेक्ष संगीताची नक्कल आहे. दोघांनाही उत्तर एकच: मूळ आणि नक्कल असा भेद इथे नाहीच. ही एकच कारागिरी आहे, एकाच कार्यशाळेत शिकलेली, आणि तिच्या विकासात ख्रिस्ती बँडांचा वाटा आरंभापासूनचा आहे.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो कारागिरीच्या आतूनच येतो. आवाजात श्रद्धा ओळखू येत नसेल, पण प्रामाणिकपणा तर ओळखू येतो ना? जॉर्जियाच्या नॉर्मा जीनने ‘ब्लेस द मार्टर अँड किस द चाइल्ड’ (२००२) बनवताना संगणकी सफाई टाळून बँड एकत्र वाजत असताना ध्वनिमुद्रण करण्यावर भर दिला. त्यातलं एक गाणं पंधरा मिनिटांचं आहे. त्या बँडमधून बाहेर पडलेल्या जॉश स्कोगिनने द चॅरियट काढला आणि २००४ चा पहिला अल्बम जवळजवळ थेट, चुकांसकट मुद्रित केला. समोर स्टर्जिसची पद्धत: संगणकात रचलेले किंवा बदललेले ड्रम, क्लिकला चिकटलेला प्रत्येक घाव, सुरात ओढून बसवलेला गोड गळा. पहिली पद्धत म्हणजे साक्ष आणि दुसरी म्हणजे मुखवटा, असा निवाडा श्रोते सहज करतात. हा निवाडा आकर्षक आहे, पण टिकत नाही. चुका राखून ठेवणं हीसुद्धा निवडच असते. कुठली चूक ठेवायची हे कुणीतरी ठरवतंच. उलट प्राडाचा ‘झोम्बी’ (२०१०) हा स्टर्जिसच्या हातचा पाच गाण्यांचा संग्रह घ्या. जगबुडीची भीती तिथे त्या अमानवी काटेकोरपणामुळेच अंगावर येते. माणसाचा सैलपणा ठेवला असता तर ती उतरली असती. तंत्राला स्वतःचं नैतिक मूल्य नसतं. तंत्र आणि म्हणायची गोष्ट यांची सांगड बसते का, एवढंच विचारता येतं.

म्हणायची गोष्ट म्हटली की बोलांकडे यावं लागतं, आणि इथे साच्याची पहिली मोठी अट दिसते. उपासनेचं गीत मंडळीने एकत्र म्हणायचं असतं. त्याचे शब्द सोपे, सूर गळ्यात बसणारा, विश्वास निर्विवाद. मेटलकोरचा किंचाळणारा गळा यातलं काहीच देऊ शकत नाही. तो देतो क्लेश, क्रोध, पश्चात्ताप, विनवणी. म्हणून ख्रिस्ती मेटलकोरचे उत्तम बोल स्तुतीपेक्षा विलापाच्या बाजूला झुकतात, आणि ही काही पळवाट नाही. बायबलच्या स्तोत्रसंहितेत विलापगीतांचा हिस्सा मोठा आहे. ८८ वं स्तोत्र तर देवाला हाका मारत मारत काळोखातच संपतं, शेवटी दिलासा येत नाही. रविवारच्या उपासनेत ज्या स्तोत्रांना क्वचित जागा मिळते, त्यांना हा गळा शोभतो. साच्याने आणखी एक गोष्ट दिली: दोन आवाज. एक ओरडणारा, एक सुरेल. पुष्कळ बँडांनी याचा उपयोग स्वस्तात केला: ओरडण्यात पाप, सुरात कृपा, कडव्यात संकट आणि ध्रुवपदात सुटका. दर साडेतीन मिनिटांनी तारण मिळू लागलं की तारणाची किंमत उतरते. या ठरीव जोडणीतून जे बँड बाहेर पडले त्यांचे अल्बम उरले. अंडरओथचा प्रवास याच अंगाने पाहण्यासारखा आहे.

अंडरओथचा आधीचा अल्बम ‘दे आर ओन्ली चेसिंग सेफ्टी’ (२००४) जेम्स पॉल विझ्नरच्या हाताखाली झाला. गायक डॅलस टेलर नुकताच बँड सोडून गेला होता, स्पेन्सर चेंबरलेन नवा होता, आणि ड्रम वाजवत गाणाऱ्या ॲरन गिलेस्पीच्या गोड ध्रुवपदांनी अल्बम तोलून धरला. तो अफाट चालला. कुठल्याही कंपनीला पुढे त्याचीच दुसरी आवृत्ती हवी असते. बँडने उलटी वाट धरली. ‘डिफाइन द ग्रेट लाइन’मध्ये चेंबरलेनने आपला गळाच बदलला, वरच्या पट्टीतली किंकाळी सोडून खोल, जाड गुरगुराट आणला. गिलेस्पीचा सुरेल आवाज आहे, पण तो सुटका घेऊन येत नाही. गुरगुराटाच्या आत अडकलेला, त्याच्याशी भांडणारा असा येतो. ध्रुवपद दोनदा परत येईल ही अपेक्षा अनेक गाण्यांत मोडली आहे. मधल्या ‘सालमार्नीर’मध्ये बँड जवळजवळ बाजूला होतो आणि रशियन भाषेतलं स्तोत्रवाचन ऐकू येतं, अमेरिकी श्रोत्याला कळणार नाही अशा भाषेत अल्बममधलं सर्वांत उघड धार्मिक वाक्य ठेवलं आहे. सहा मिनिटांहून लांब ‘कास्टिंग सच अ थिन शॅडो’ बराच काळ शब्दांवाचून चालतं. शेवटचं ‘टू हूम इट मे कन्सर्न’ सावकाश उलगडत जातं. चेंबरलेनने पुढे आपल्या व्यसनाविषयी उघडपणे सांगितलं आहे. बँड त्या काळात आतून फाटत होता आणि २००६ चा वॉर्प्ड टूर हा फिरता संगीत महोत्सव त्यांनी अर्ध्यात सोडला. हे चरित्र माहीत नसलं तरी अल्बमची घडण तेच सांगते: देवाशी बोलू पाहणाऱ्या माणसाला उत्तर मिळालेलं नाही, आणि मिळाल्याचं सोंग तो करत नाही. ‘ख्रिस्ती’ फडताळावर लागलेल्या या अल्बमचा ख्रिस्तीपणा त्याच्या विधानांत शोधला तर हाती फार कमी लागतं. ध्रुवपद रोखून धरण्यात शोधला तर भरपूर लागतं.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप आयोवातल्या सू सिटीच्या फॉर टुडेकडे बोट दाखवून घेता येतो. या बँडने काहीही झाकलं नाही. ‘पोर्ट्रेट्स’ (२००९) मध्ये बायबलमधल्या व्यक्तींवर एकेक गाणं रचलं, गायक मॅटी माँटगोमेरी कार्यक्रमात मधेच थांबून सरळ प्रवचन करायचा, आणि ‘इमॉर्टल’ (२०१२) पर्यंत त्यांच्यामागे मोठा श्रोतृवर्ग उभा राहिला. घोषणा अल्बमला मारते असं म्हणावं तर हा बँड लोकप्रिय कसा झाला? उत्तर असं की फॉर टुडेचं संगीत प्रवचनासाठीच बांधलं होतं. तिथे ब्रेकडाऊन हा वक्त्याच्या विरामासारखा येतो: एक ओळ सांगायची, मग घाव, मग पुन्हा ओळ. रंगमंचावर ही रचना चपखल बसते, कारण तिथे वक्ता आणि समुदाय दोघे हजर असतात. अल्बममध्ये मात्र फक्त ध्वनी उरतो, आणि दहा गाण्यांत तीच कमान पुन्हा पुन्हा चढली की आधीपासून पटलेल्याला ती बळ देते, न पटलेल्याला तिच्यात शिरायला फट सापडत नाही. हा दोष श्रद्धेचा नाही, माध्यम न ओळखण्याचा आहे. माध्यम ओळखून उघड धार्मिक काम करता येतं याचा दाखला झाओने कितीतरी आधी दिला होता: ‘लिबराते ते एक्स इन्फेरिस’ (१९९९) दान्तेच्या नरकवर्णनाच्या आधारावर बांधला आहे, आणि तिथे नरकाची मंडलं अल्बमचा आराखडाच होऊन बसतात. विषय तितकाच धार्मिक; फरक एवढाच की इथे विषयाने रचना घडवली, रचनेवर तो लादला गेला नाही.

दुसरी वाट पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्याच्या ऑगस्ट बर्न्स रेडची. यांनी विश्वास नाकारला नाही आणि मिरवलाही नाही. लक्ष ठेवलं ते कामावर. जेबी ब्रुबेकरच्या गिटाररचना, मॅट ग्राइनरचे विषम मात्रांत हिंडणारे ड्रम, आणि ‘रेस्क्यू अँड रिस्टोअर’ (२०१३) पासून कार्सन स्लोव्हाक व ग्रँट मॅकफार्लंड या स्थानिक जोडगोळीबरोबर दीर्घकाळ टिकलेली भागीदारी. याच अल्बममध्ये तंतुवाद्यं आली. ‘फाउंड इन फार अवे प्लेसेस’ (२०१५) मध्ये सर्फ गिटार आणि ग्रामीण अमेरिकी संगीताचे तुकडे मेटलच्या मधोमध आले. त्यातल्या ‘आयडेंटिटी’ला आणि पुढे ‘इनव्हिजिबल एनिमी’ला मेटलसाठीचं ग्रॅमी नामांकन मिळालं, ख्रिस्ती गटातलं नव्हे. श्रद्धेचा परिणाम इथे बोलांच्या विषयनिवडीत दिसतो: अहंकार, नैराश्य, शेजाऱ्याची जबाबदारी. गायक जेक लुअर्सने मानसिक आरोग्यासाठी हार्टसपोर्ट ही संस्था काढली, तीही याच प्रवाहातून. कुणी म्हणेल, मग हे नुसतं चांगल्या माणसांचं चांगलं संगीत झालं, ख्रिस्ती म्हणायचं कशाला? म्हणू नयेच, असं उत्तर देता येईल. बँडलाही त्या विशेषणाची गरज वाटलेली दिसत नाही. विशेषण काढून घेतल्यावर अल्बम उणा होत नाही, ही त्याची ताकद आहे.

तिसरा आक्षेप कडवट आहे आणि तो टाळता येत नाही. सॅन डिएगोच्या ॲज आय ले डाइंगचा ‘ॲन ओशन बिटवीन अस’ (२००७) बिलबोर्डवर आठव्या क्रमांकाला पोहोचला, त्यातल्या गाण्याला ग्रॅमी नामांकन मिळालं आणि ख्रिस्ती मेटलकोरचा तो मानदंड मानला गेला. मे २०१३ मध्ये गायक टिम लँबेसिसला विभक्त पत्नीच्या खुनाची सुपारी दिल्याच्या आरोपावरून अटक झाली. त्याने गुन्हा कबूल केला आणि २०१४ साली त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर एका मुलाखतीत त्याने सांगितलं की आपला विश्वास कधीच सुटला होता, तरी ख्रिस्ती श्रोता गमावू नये म्हणून तो भाव टिकवून ठेवला, आणि सोबत फिरणाऱ्या बँडांपैकी खरे ख्रिस्ती थोडेच होते. मग हा सगळा बाजारच ढोंगाचा, असा निष्कर्ष काढणारे काढतात. यात दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. इतर बँडांविषयीचं त्याचं विधान हा गुन्हेगार ठरलेल्या एका माणसाचा दावा आहे, पाहणी नाही. त्याच्या स्वतःविषयीचं विधान खरं धरलं, तर त्यातून वितरणाच्या त्या साखळीवरच आरोप सिद्ध होतो: शिक्का असला की माल विकला जाई, शिक्का काढला की फडताळ जाई, म्हणून शिक्का विश्वासापेक्षा जास्त जगला. वाजवणाऱ्यांची साक्ष हा अल्बमचा पाया मानला की अल्बम गायकाच्या चारित्र्याबरोबर कोसळणारच. ज्या श्रोत्यांना त्या गाण्यांनी कठीण काळात आधार दिला त्यांना आपलीही फसवणूक झाली असं वाटलं, ते याच गृहीतकामुळे. त्यांचा राग रास्त आहे आणि गुन्ह्याची गंभीरता कुठल्याही गाण्याने कमी होत नाही. पण गाण्याचं मूल्य गायकाच्या हमीपत्रावर अवलंबून ठेवण्याची सवय त्या बाजारानेच लावली होती.

तो बाजार आता जवळजवळ उरलेला नाही. कॉर्नरस्टोन महोत्सव २०१२ साली अखेरचा भरला. फॅमिली ख्रिश्चन स्टोअर्सने २०१७ साली आपली सुमारे २४० दुकानं बंद केली, लाइफवेची दुकानं २०१९ साली मिटली, वॉर्प्ड टूरही २०१८ नंतर पूर्वीसारखा निघाला नाही. फडताळच गेल्यावर शिक्क्याचं काम संपलं. अंडरओथ २०१३ साली थांबला, २०१६ साली जुने दोन अल्बम सलग वाजवत परतला, आणि ‘इरेज मी’ (२०१८) काढताना आपण आता ख्रिस्ती बँड नाही असं त्यांनी जाहीर केलं. काही जुन्या श्रोत्यांनी याला विश्वासघात म्हटलं. पण गंमत अशी की खूप आधी, २०११ साली, बँडबाहेर असलेल्या गिलेस्पीने ‘अँथम साँग’ हा सरळ उपासनागीतांचा अल्बम काढला होता. स्तुती आणि विलाप या दोन कामांना दोन वेगळे साचे लागतात हे त्यातून आपोआप स्पष्ट झालं होतं. दरम्यान इंडियानापोलिसच्या हेस्ट द डेने ‘कॉवर्ड’ (२०१५) श्रोत्यांकडून आगाऊ पैसे गोळा करून केला. ओहायोचा वुल्व्ज ॲट द गेट, टेक्ससचा फिट फॉर अ किंग हे बँड आजही विश्वास उघडपणे सांगत सॉलिड स्टेटच्या परंपरेत काम करत आले आहेत. म्हणजे साखळी तुटल्यावर दोन्ही गोष्टी घडल्या: ज्यांना शिक्का जाचत होता ते सुटले आणि ज्यांना विश्वास सांगायचा होता ते सांगतच राहिले. कुणाला काय म्हणायचं आहे हे पहिल्यांदाच दुकानदाराच्या सोयीवाचून ठरू लागलं.

या आढाव्यातून टीकाकाराच्या हाती एक साधी कसोटी येते. अल्बम ख्रिस्ती आहे का, हा प्रश्न त्याला विचारून फारसं काही मिळत नाही. उत्तर कंपनीच्या सूचीपत्रात आधीच छापलेलं असतं आणि पुढच्या वर्षी बदलूही शकतं. गायकाचा विश्वास खरा आहे का, हा प्रश्न गायकाच्या मित्रांचा आणि पाळकाचा. श्रोत्याला तो सोडवता येत नाही. श्रोत्याला विचारता येण्याजोगा प्रश्न असा: या अल्बमच्या रचनेत असा एखादा निर्णय आहे का, जो श्रद्धेच्या झटापटीवाचून घेतलाच गेला नसता? मोडलेलं ध्रुवपद, परक्या भाषेतलं स्तोत्र, नरकाच्या मंडलांवर बांधलेला आराखडा हे असे निर्णय आहेत. दर गाण्याला ठरल्या वेळी येणारी सुटका हा तसा निर्णय नाही, मग बोलांत देवाचं नाव कितीही वेळा येवो. या कसोटीवर काही उघड ख्रिस्ती अल्बम नापास होतात, काही ख्रिस्ती म्हणवून न घेणारे पास होतात. भाविकाला हे खटकेल, कारण त्याला कबुली हवी असते. नास्तिकालाही खटकेल, कारण त्याला हा सगळा प्रकार विक्रीची युक्ती म्हणून मोडीत काढायचा असतो. दोघांनाही अल्बम पूर्ण ऐकण्याचे कष्ट टाळायचे असतात. ख्रिस्ती मेटलकोरच्या इतिहासात ऐकण्याजोगं जे उरलं आहे, ते या दोघांच्या मधल्या जागेत, कारागिरीच्या अटी पाळून, उत्तराची हमी नसताना घडलेलं आहे, आणि त्याचं मोजमापही तिथेच व्हायला हवं.